आधी चुंबक, मग ओला हात

आत्या, सगळ्यात आधी एक कबुली देते. तुझी शिलाईची खोली साफ करायला मी झाडू घेऊन गेले.

तुझा जलदानविधी होऊन एक दिवस झाला होता. पाहुणे आपापल्या गावी गेले होते, मंडपवाल्याच्या सतरंज्या परत गेल्या होत्या. बाबा मला म्हणाले, "ताईची खोली आवरून ठेव. मंडळाच्या बायांचे ब्लाउज पडले असतीन, ते नीट घड्या करून ठेवजो. बुद्धपौर्णिमा पाच दिवसांवर आली." मी दार उघडलं. मशीनवर पांढरं कापड अर्धवट अडकलेलं, आणि फरशीभर पांढरे दोरे. तू उठून गेलीस तेव्हा जसे होते तसेच.

मी झाडूचे दोन हात मारले. दोरे झाडूपुढे पळाले, मग वळून झाडूलाच गुंडाळले गेले. आणि मला तू स्पष्ट ऐकू आलीस, "दोऱ्याले झाडू चालत असता तर तुले कशाले ठेवलं असतं वं म्या?"

मी झाडू दाराबाहेर ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

मला तू या कामावर ठेवलंस तेव्हा मी दुसरीत होते. आई आरोग्य केंद्रात, बाबा शाळेवर, आणि बुलढाण्याहून माझी स्कूल बस अडीच वाजता देऊळघाटच्या स्टँडवर मला सोडायची. गळ्यात टाय घालून मी तुझ्या दारात यायचे. तू मशीनवरून मान न वळवता म्हणायचीस, "आल्या का मॅडम? ड्युटी धरा." ड्युटी म्हणजे फरशी. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं ते काळं गोल चुंबक तू सुतळीला बांधून ठेवलं होतंस. ते आधी सगळीकडे फिरवायचं, म्हणजे पडलेल्या सुया आणि टाचण्या वर येतात. त्यानंतर तळहात ओला करून गोल गोल फिरवायचा. दोरे हाताला चिकटतात, त्यांची आपोआप गोळी होते. आधी चुंबक, मग ओला हात. हा क्रम चुकला की हातात सुई. माझा दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा तू बोटाला हळद लावून म्हणालीस, "आता नाही विसरत." तिसऱ्यांदा खरंच विसरले नाही.

त्या गोळ्या तू कधी फेकल्या नाहीस. त्या तुझ्या स्टुलावरच्या गादीत जायच्या. गादीच्या शिवणीत एक भोक ठेवलं होतंस, त्यातून मी बोटाने गोळ्या आत ढकलायचे. अर्ध्या गावाच्या पोलक्यांचे, परकरांचे, लग्नांचे दोरे त्या गादीत आहेत. दर वर्षी तू थोडी थोडी उंच होत गेलीस. बाबा चिडवायचे, "ताई, अजून दहा वर्षांनी तुले मशीनवर बसाले शिडी लावा लागते."

मला त्या खोलीत आवडायचं, कारण तिथे कुणी मला बोल म्हणायचं नाही. म्हणजे, तू सोडून. तुझे दोन हट्ट होते. एक, मापं लिहून घ्यायची. तू बाईच्या अंगाला टेप लावून सांगायचीस, "खांदा पावणेपंधरा, कंबर एकोणचाळीस," आणि मी वही धरून विचारायचे, "म्हणजे किती?" बायका पोट धरून हसायच्या. "एवढी फी भरून पोरीले एकोणचाळीस नाही येत!" माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. तू मात्र त्यांना म्हणायचीस, "तिले थर्टी नाइन येते. तुले येते का?"

दुसरा हट्ट, हाक मारायचा. "विमलले आवाज दे, ब्लाउज झाला म्हणा." विमलकाकूंचं घर समोरच, रस्ता ओलांडला की. पण मी ओट्यावर उभी राहून हाक मारायचे नाही. चप्पल घालून त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि हळूच सांगून यायचे. तू कपाळाला हात लावायचीस. "तुह्या गळ्यात आवाज आहे का नाही? का तो बी शाळेत जमा केला?"

मग मी नागपूरला कॉलेजला गेले, सुट्टीपुरती येऊ लागले. तरी मला वाटायचं, या खोलीतलं सगळं मला माहीत आहे.

म्हणून त्या दिवशी झाडू बाहेर ठेवल्यावर मी सगळं तुझ्या शिस्तीने केलं. चुंबक फिरवलं. ओल्या हाताने फरशी लख्ख केली. मग मांडणीवरचे ब्लाउज खाली घेतले. पौर्णिमेला विहारात घालायचे, सगळे पांढरे, एकाच ताग्यातले, एकाच गळ्याचे. चौदा होते. हूक, काज, हातशिलाई एवढंच राहिलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यामागे आतून एक रंगीत दोरा लोंबत होता. लाल, पिवळा, जांभळा, कुठे एक गाठ, कुठे दोन. मला तुझंच वाक्य आठवलं, "गिऱ्हाइकाच्या हातात कपडा जायच्या आधी लोंबता दोरा एक बी नाही दिसला पाहिजे." मी दोरे कापायची छोटी कात्री घेतली आणि चौदाच्या चौदा दोरे काढून टाकले. इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल. ब्लाउजांच्या घड्या केल्या, एकावर एक रचल्या, आणि पाच मिनिटं नुसती बघत बसले.

तेवढ्यात विमलकाकू आल्या. तुझ्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, तुला माहीतच आहे, त्या येण्याआधी त्यांचा आवाज येतो. "झालं का वं प्रज्ञा? आम्ही आपलेआपले हूक लावून घेतो म्हणलं. आण माह्यावाला इकडे." वरची घडी उचलली, गळा उलटा केला, दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"दोरे कुठं गेले?"

"साफ केले," मी म्हणाले. थोड्या अभिमानानेच.

विमलकाकू गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी याआधी एकदाच पाहिलं होतं, तुला नेलं तेव्हा.

"अवं माय," त्या मग हळूच म्हणाल्या. "पोरी, तेच तर नावं होते."

तीन वर्षांपूर्वी मंडळातल्या शेवंताआजींच्या पांढऱ्या ब्लाउजला नावाची चिठ्ठी टाचणीने लावली होती, टाचणी गंजली आणि तांबडा डाग पडला, हे मला कुठे माहीत होतं? खडू पांढऱ्यावर दिसत नाही, पेन धुतलं तरी जात नाही. म्हणून तेव्हापासून तू पांढऱ्याला दोरा लावू लागलीस. रंग तू ठरवायचीस आणि ते फक्त तुझ्या डोक्यात असायचं. मी नागपूरला होते, आणि सुट्टीत आले की मोबाइलमध्ये.

मी मापांची वही काढली. म्हटलं, टेप घेऊन एकेक मोजू. वहीत नव्या सुना होत्या, नवऱ्या होत्या, शाळेतल्या मॅडम होत्या. मंडळातली एकही बाई नव्हती. तू म्हणायचीस ते नंतर आठवलं. "ज्याईचं माप पाठ आहे, त्याईचं काऊन लिहू?"

आत्या, मला खोटं बोलायचं नाही. त्या क्षणी मला फक्त तुझा राग आला. अशी कशी गेलीस सगळं डोक्यात घेऊन? तेरा बायका वर्षभर या दिवसाची वाट पाहतात. पांढरी साडी, पांढरा ब्लाउज, रांगेने विहारात जायचं. आणि तुझ्या हातचं हे शेवटचं काम मीच मातीत घातलं होतं. उद्या कुणाचा ब्लाउज कुणाला गेला, खांद्यावरून उतरला, दंडाला रुतला, तर त्या म्हणणार, कमलबाईचा हात शेवटी बिघडला. हे मला सहन होणार नव्हतं.

"सगळ्याईले बोलवा लागते," विमलकाकू म्हणाल्या. "घालूनच पाहा लागते. चाल, विहारात माइक आहे."

"तुम्ही सांगा ना, काकू. तुमचा आवाज…"

"दोरे म्या कापले का?"

तर आत्या, ज्या मुलीने कधी रस्त्यापलीकडे हाक मारली नाही, ती विहाराच्या माइकसमोर उभी राहिली. दुपारचे चार, ऊन असं की कुत्रंसुद्धा सावलीतून हलत नव्हतं. मी मनात एक छान वाक्य तयार केलं होतं. माइकमध्ये म्हणाले, "सर्व महिला मंडळाच्या सदस्यांना नम्रपणे सूचित करण्यात येते की…" आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. माझा श्वास भोंग्यातून गावभर ऐकू येत होता. विमलकाकू शेजारी हाताची घडी घालून उभ्या. अजिबात मदत नाही. अगदी तुझ्यासारख्या.

मग मी म्हणाले, "कमलआत्याच्या घरी या. ब्लाउज घालून पाहा लागते. माह्याकून चूक झाली."

घरी परत येईपर्यंत ओट्यावर सहा चपला होत्या. शेवंताआजी काठी टेकत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कोण बोललं वं माइकवर? म्या म्हणलं कमलच बोलून राह्यली."

मी आत पाणी आणायला गेले. पाणी आणायला जरा वेळ लागला.

पुढचे दोन तास तू असायला हवी होतीस. दार लावलं, खिडकीला तुझी जुनी चादर अडकवली, आणि तेरा बायका चौदा ब्लाउजांवर तुटून पडल्या. "हा माह्या नाही, याच्यात माह्या एक हातच जाते!" "देजो तो इकडे, तू काय त्याच्यात दोन पोरं घेऊन बसतं का?" विमलकाकू एकात अशा अडकल्या की हात वर आणि डोकं आत, आणि आतून भाषण चालूच. तिघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं.

आणि मग एक गंमत झाली. दोऱ्यांची गरजच उरली नाही. बायका ब्लाउज उलटे करून आत बघायला लागल्या. शेवंताआजींनी एक घेतला, डाव्या खांद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा माह्या." पाण्याच्या घागरी वाहून त्यांचा डावा खांदा उतरलाय, म्हणून तू तिथे कापडाची दुहेरी घडी आत शिवत होतीस. बाहेरून दोन्ही खांदे सारखे. कुणाला कधी कळलंच नव्हतं. "कमलनं सांगू नको म्हणलं होतं," आजी म्हणाल्या, "आता तीच सांगून राह्यली."

एका ब्लाउजला आतून बोटभर खिसा निघाला. तो कुणाचा, कुणी बोलेना. शेवटी विमलकाकूंनी हात पुढे केला. "माह्या आहे. मोबाइलसाठी."

"एवढासा मोबाइल?" मागून कुणीतरी विचारलं. "अध्यक्षबाई, तंबाखू सोडा म्हणून भाषण देता आमाले, अन् पुडीले खिसा?"

खोलीत जे हसणं उठलं त्याने खिडकीवरची चादर खाली आली. विमलकाकू सगळ्यात जास्त हसत होत्या, डोळे पुसत म्हणत होत्या, "कमल मेली अन् मले उघडं पाडून गेली!"

एका ब्लाउजची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब होती. "कमलबाईची बाही चुकली?" कुणीतरी म्हणालं. तेव्हा सुनंदावहिनी, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या, कोपऱ्यातून हळूच म्हणाल्या, "नाही चुकली. तो माह्या आहे." त्यांनी भिंतीकडे तोंड करून घातला. लांब बाहीने दंडावरचा भाजल्याचा जुना व्रण बरोबर झाकला. कुणी काही विचारलं नाही. शेवंताआजींनी नुसती त्यांची पाठ थोपटली, आणि पुन्हा गोंधळ सुरू झाला.

मला तेव्हा कळलं की तू बायांची मापं पाठ करत नव्हतीस. तू त्यांचं ऐकून ठेवत होतीस. मला वाटायचं या खोलीत गप्प बसलेली मी एकटीच.

तेरा ब्लाउज तेरा जणींच्या अंगावर गेले. एक उरला.

"हा कोणाचा?" सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मंडळात तुझ्याशिवाय तेराच, आणि तुझा स्वतःचा तर अर्धवट मशीनवरच होता. विमलकाकूंनी मला कापलेले दोरे मागितले. त्यांची मी गोळी केली होती, पण ती अजून गादीत ढकलली नव्हती. आम्ही ती फरशीवर सोडवली आणि खेळच सुरू झाला. "लाल म्हणजे विमल, भांडकुदळ." "पिवळा आजीचा, हळदीचं दूध पाजते साऱ्याईले." "जांभळा माह्या, मले जांभळं आवडते हे तिले माहीत होतं." एकेक रंग एकेकीने उचलला. शेवटी एक दोरा राहिला, गर्द हिरवा, एक गाठ मारलेला.

"हा कोणाचाच नाही," विमलकाकू म्हणाल्या.

मला तो दोरा ओळखीचा होता. माझ्या शाळेच्या पिनोफ्रॉकचा रंग. दर जूनमध्ये तू मला त्या स्टुलावर उभं करायचीस आणि फ्रॉकची खालची पट्टी उसवून दोन बोटं लांबी वाढवायचीस. फक्त लांबी. सातवीनंतर मी तुला अंगाला टेप लावू दिली नाही. मोठमोठे रेडिमेड कुर्ते घालू लागले, आणि आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत.

"माप दे."

"मी रेडिमेड घालते, आत्या."

"रेडिमेड नाही, पोतं घालतं तू. त्याच्यात तुह्यासारख्या दोघी मावतीन."

"मग अंदाजे शिव."

"कमल अंदाजानं नाही शिवत."

मागच्या महिन्यात आले होते तेव्हा तू हाच पांढरा तागा उलगडत विचारलंस, "यंदा आमच्यासंग पांढरी साडी नेसशील? का परीक्षा आहे?" मी म्हणाले, "पाहू." तू म्हणालीस, "पाहू म्हणजे नाही. इंग्रजी शाळेत नाही म्हणायले हेच शिकवते का?" मी हसून बॅग उचलली. आपलं शेवटचं बोलणं तेच. मी तुला दिलेला शेवटचा शब्द, पाहू.

"मग उभी काऊन राह्यली?" विमलकाकू म्हणाल्या. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. "घाल."

मी घातला. खांदा अचूक. बाही अचूक. पण दोन्ही कुशींना, काखेखाली, दोन-दोन बोटं सैल. आरशात मी दिसत होते, आणि माझ्याभोवती अजून थोडी मी.

शेवंताआजींनी जवळ येऊन कापड चिमटीत धरलं. "कमल चुकली?" त्या इतक्या आश्चर्याने म्हणाल्या की जणू घाटातला रस्ताच चुकला.

"आत्या नाही चुकली," मी म्हणाले. "म्या सातवीपासून मापच नाही दिलं तिले."

तू माझ्यासाठी अंदाजाने शिवलंस. इतक्या वर्षांचा नियम मोडलास. आणि मी सैल कपड्यांत लपत आले, म्हणून तुला मी तेवढी सैल दिसले. की मुद्दाम तसं ठेवलंस? "ढिल्लं घट्ट करता येते, घट्टाले कापड कुठून आणाचं" हेही तुझंच. तू चुकलीस की माझ्यासाठी काम ठेवून गेलीस, हे आता कळायचं नाही. दोन्ही खरं असेल तर मला चालेल.

विमलकाकूंनी खुंटीवरची टेप काढली. "हात वर."

तेरा बायकांसमोर मी हात वर केले. कान गरम झाले नाहीत, असं मी म्हणणार नाही. शेवंताआजींनी वही माझ्याच हातात दिली, म्हणजे एक हात खाली घ्यावा लागला. "खांदा सव्वातेरा," विमलकाकू ओरडल्या, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा. "बाही साडेआठ. कंबर पावणेअठ्ठावीस."

मी लिहिलं. एकदाही "म्हणजे किती" विचारलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण तुला सांगायचं होतं.

त्या संध्याकाळी सगळ्या तिथेच बसल्या, आपापले हूक लावले, काज केले, हातशिलाई केली. तुझ्याबद्दल इतकं बोलल्या, इतक्या हसल्या की रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे, आत काय आहे. जाताना एकीनेही फरशी साफ केली नाही. "तुही ड्युटी आहे ते," विमलकाकू म्हणाल्या, आणि खिसा तपासत गेल्या.

आज दुपारी मी तुझ्या मशीनवर माझ्या ब्लाउजच्या दोन्ही कुशी आत घेतल्या. पायडल दोनदा उलटं गेलं, दोरा चारदा तुटला. शिवण सरळ नाही. तू उसवायला लावली असतीस, म्हणून मी एकदा उसवलीसुद्धा. गळ्यामागे हिरवा दोरा परत लावलाय, गाठीसकट.

मग चुंबक फिरवलं. तीन सुया आणि एक हूक आला. मग हात ओला केला. तेरा जणींचे दोरे, माझे उसवलेले, सगळ्यांची मिळून एक गोळी झाली, लिंबाएवढी. ती गादीत ढकलली आणि स्टुलावर बसून पाहिलं. पाय अजून जमिनीला टेकतात.

उद्या पौर्णिमा आहे. समोरून, त्यांच्या दारातून विमलकाकूंनी विचारलं, सकाळी किती वाजता येऊ तुले साडी नेसवाले. मी ओट्यावरूनच हाक मारून सांगितलं, सात.

आणि तू विचारलं होतंस ना, आत्या, यंदा आमच्यासंग पांढरी साडी नेसशील का? तुझ्याच बोलीत सांगते.

हाव. नेसतो ना मी.